कानवाल्यांची परीक्षा

पोहायच्या तलावांचे पंप दुरुस्त करणाऱ्यांत सासऱ्यांना सगळे कानवाले म्हणत. पंप कुठून हवा ओढतोय हे ते नुसत्या कानाने सांगतात, अशी ख्याती. हातभर रबरी पाइप घ्यायचा, एक टोक कानाला लावायचं, दुसरं सांध्यासांध्यावरून फिरवायचं आणि फुसफुस ऐकू आली की तिथे बोट ठेवायचं. मुलाला ऑफिसातली खुर्ची प्यारी, म्हणून ही विद्या सुनेकडे आली. सून तोंडाने फटकळ होती, पण हाताने पक्की. सासऱ्यांचं आणि तिचं छान जमायचं.

गोची एकच होती. कानवाल्यांना हल्ली ऐकू येत नव्हतं. कुकर शिट्ट्या मारून मारून थकला तरी ते पेपरातून डोकं वर काढत नसत. विचारलं तर म्हणत, तुम्हीच हल्ली पुटपुटता. त्यापुढे ताकास तूर लागू देत नसत. शेवटी आज सकाळी सासूबाईंनी सुनेला स्वयंपाकघरात गाठलं. चारचौघांत फजिती होऊन नाव जाण्यापेक्षा माणसाने मानाने घरी बसावं, असं त्यांचं म्हणणं. आज ते चुकले तर काम सोडा म्हणून तूच सांग, माझं ते ऐकायचे नाहीत, असंही त्या म्हणाल्या. सुनेने हो म्हटलं आणि दिवसभर त्या एका शब्दाने तिला काही सुचू दिलं नाही.

काम पोहायला शिकवणाऱ्या एका बाईंकडचं होतं. त्यांचा पंप पाण्याबरोबर हवा ओढत होता. तलावात बुडबुडे येत होते, गाळणी नीट चालत नव्हती, पाणी हिरवट पडून वर्ग बंद झाले होते. आधी दोन मेकॅनिक येऊन गेले. दोघांनीही पंपाच्या झाकणाची रबरी रिंग बदलली आणि दोघांनाही यश आलं नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली की दुसरं काय होणार. पण फट सापडत नाही यात त्यांचा अगदीच दोष नव्हता. पंप ज्या बाजूने पाणी ओढतो तिथे फट असली तर पंप चालू असताना पाणी बाहेर गळत नाही, उलट हवा गुपचूप आत शिरते.

पंपाची खोली तलावाच्या पातळीखाली होती. पायऱ्या उतरून कानवाले आत शिरले ते घरमालकाच्या थाटात. पंपाच्या पारदर्शक झाकणाखाली पाणी उकळल्यासारखं खदखदत होतं. वर जाऊन बुडबुड्यांवर नजर ठेवा, असं सांगून त्यांनी बाईंना पिटाळलं, सुनेला गप्प राहायला सांगितलं आणि पाइप कानाला लावून डोळे बारीक केले.

एका सांध्यावर पाइप टेकला, मग दुसऱ्यावर. चेहरा असा, की पंप त्यांच्या कानात घरची भांडणं सांगतोय. सुनेला ते बघवेना. माणूस ठार बहिरा आहे आणि आता भलत्याच जागी बोट ठेवणार, असं तिला वाटलं. काय ते आत्ताच कळू दे, बाईंसमोर तरी नको, असा विचार करून तिने त्यांच्या पाठीमागे हळूच पंपाचं बटण बंद केलं.

घरघर थांबली. खोली चिडीचूप झाली.

"बंद का केलास?" पाइप कानाला तसाच, मान न वळवता सासरे म्हणाले.

"तुम्हाला ऐकू येतं?" तिने मागूनच विचारलं.

उत्तर नाही. तिने पुन्हा विचारलं, जरा मोठ्याने. तरीही नाही. सून चक्रावून गेली.

सासऱ्यांनी पाइप खाली ठेवला. "केलाच आहेस बंद तर वॉल्व्हला हात लावू नकोस. वर तलावाचं पाणी आहे. आता ते खाली दाबणार, आणि हवा जिथून आत जाते तिथूनच बाहेर येणार. ते दोघे मेकॅनिक पंप बंद केला की सवयीने वॉल्व्हही बंद करत असतील. मग काय दिसणार, कपाळ?"

ते प्रत्येक सांध्याच्या पोटाखालून बोट फिरवत गेले. पाण्याचा पाइप पंपात शिरतो त्या जागी बोट थांबलं. त्यांनी ते सुनेपुढे धरलं. ओलं होतं.

पुढचं काम सुनेचं होतं. पंप मध्यंतरी कधीतरी कोरडा चालून तापला होता आणि प्लास्टिकचे आटे आकसले होते. तिने वॉल्व्ह बंद केले, तुकडा कापला, नवा डिंकाने बसवला. डिंक वाळेपर्यंत दोघं पायरीवर बसली, तेव्हा ती मुद्दाम त्यांच्या समोर आली.

"बाबा, तुम्हाला ऐकू येत नाही."

"नाही," ते म्हणाले.

मग हा पाइप कशाला, असं तिने विचारलं. सासरे हसले. पाइप गिऱ्हाइकासाठी असतो, म्हणाले. तो कानाला लावला की गिऱ्हाईक गप्प बसतं, नाहीतर मानगुटीवर बसून प्रश्न विचारतं. कान धडधाकट होते तेव्हाही ते झाकणातले बुडबुडेच बघायचे आणि पंपाच्या पाइपवर हात ठेवायचे. हाताखालची थरथर थांबली, की पंप थांबला हे कळायला कान कशाला हवेत? सुनेने कपाळाला हात लावला. तिने स्वतः कैक वेळा तो पाइप कानाला लावून, हो, येतंय ऐकू, असं छातीठोक सांगितलं होतं.

डिंक वाळल्यावर तिने पंप सुरू केला. झाकणाखाली थोडी खदखद झाली, शेवटचा बुडबुडा गरगर फिरून नाहीसा झाला आणि पाणी नितळ झालं. बुडबुडे थांबले म्हणून बाईंनी वरून हाक दिली. सासऱ्यांना ती ऐकू गेली नाही. सुनेने अंगठा दाखवला तेव्हा त्यांची छाती फुगली.

हत्यारं पुसता पुसता ते म्हणाले, "सकाळी तुझी सासू काय बोलली ते मला कळलंय. स्वयंपाकघराच्या दारातून तिचं तोंड मला दिसत होतं, आणि बायकोचे ओठ मला पेपरासारखे वाचता येतात. तुझी मात्र पाठ होती. तू काय म्हणालीस?"

खोटं बोलणं सोपं होतं. सून त्यांच्याकडे तोंड करून म्हणाली, "हो म्हणाले."

त्यांचा फडका थांबला. सुनेला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मग? चुकलो का मी?"

"नाही. पण कानाचं यंत्र घ्यायचं."

"कानवाल्याने यंत्र लावायचं? धंदा बुडवतेस का?"

"वरून टोपी घाला."

त्यांनी पिशवी उचलली आणि सुनेच्या हातात दिली.

"बरं. मग घरी गेल्यावर सासूला सांग, मी चुकलो नाही म्हणून. आणि मोठ्याने सांग. मलाही ऐकायचंय."