तोलायचं फळ

केझायाने झुडपावर लटकणाऱ्या एकुलत्या गूजबेरीच्या फळाखालची बशी अलगद ओढली आणि पाणी बदललं. फळाचं बूड पाण्याला जेमतेम टेकलं पाहिजे, म्हणजे ते फुगतं. जास्त बुडालं तर साल फुटते. पहाटेपासून तिचा हात कुठे ठरत नव्हता. उन्हाला आडोसा म्हणून लावलेलं कोबीचं पान तिने काढलं, पुन्हा ठेवलं, पुन्हा काढलं.

हे काटेरी झुडूप तिने बीपासून वाढवलं होतं, म्हणून ही जातच नवी. बाकीची फळं कोवळी असतानाच खुडून टाकली, सगळा रस या एकाला मिळावा म्हणून. नवरा एनॉक दिवसभर हातमागावर, संध्याकाळी गुत्त्यात. सगळ्यांत वजनदार फळाच्या स्पर्धेसाठी गुत्त्यातच फळं तोलायची, आणि तिथे बायकांना मज्जाव. फळ नवऱ्याच्या नावावर चढणार, याचं तिला काही नव्हतं. पण नव्या जातीचं बारसं वाढवणाऱ्याने करायचं, अशी गावाची रीत. रोप बोटभर होतं तेव्हा एनॉक म्हणाला होता, हिचं नाव केझाया. तेवढ्या शब्दावर तिने कडाक्याच्या थंडीत स्वतःची गोधडी झुडपावर घातली होती. आज सकाळी आठवण केली, तर एनॉकसाहेब बूट चमकवत म्हणाले, बघू.

खुडताना साक्षीदार लागतो. दुपारी स्पर्धा भरवणाऱ्या मंडळाचा म्हातारा सेथ रविवारचा कोट घालून आला. कबुतराच्या अंड्याहून मोठं फळ पाहून त्याने टोपीच काढली.

"एनॉक, बक्षिसाची तांब्याची किटली तुझीच रे यंदा. नाव काय पुकारायचं?"

एनॉकने बायकोकडे पाहिलं नाही.

"एनॉकची शान."

"अरे, राबली तर वहिनी."

"बायकोचं नाव गुत्त्यात पुकारू? वर्षभर टिंगल करतील." मग तो तिच्याकडे वळला. "तूच खुड गं, तुझा हात हलका आहे."

तिला फार वाईट वाटलं. तरी कात्री चालवताना तिचा हात आज पहिल्यांदाच स्थिर होता. फळ तळहातावर आलं, उन्हाने कोमट झालेलं. सेथने डबी उघडून पुढे धरली.

केझायाने फळ तोंडात टाकलं आणि चावलं.

हनुवटीवरचा रस तिने रुमालाने नव्हे, मनगटानेच पुसला आणि बशीतलं पाणी झुडपाच्या मुळाशी ओतलं.

"गोड आहे," ती सेथला म्हणाली. "नुसतं तोलत बसतात. चाखून कुणी बघितलंच नव्हतं."