गाळा क्रमांक सतरा

कागदाच्या व्यापाऱ्याशी दोन तास हुज्जत घालून वहिनी प्रेसवर परतली, तेव्हा आत मशीन धडधडत होतं आणि काउंटरवर चिरंजीवांचा पत्ता नव्हता. मशीन चालू असणं हे शुभ लक्षण, चिरंजीव नसणं हे नेहमीचं. बाजारात तिला लहानथोर सगळे वहिनीच म्हणत. नवऱ्याच्या माघारी अकरा वर्षं तिने एकटीने प्रेस चालवला होता. तिच्या जिभेला भलेभले टरकून असत, आणि त्याचा तिला छुपा अभिमानही होता.

मशीनपाशी मास्तर वाकून उभे होते. तिच्या नवऱ्याचे जुने दोस्त, एकतीस वर्षं याच मशीनवर. दर पन्नासावा कागद उचलायचा, भिंगाखाली धरायचा आणि मगच पुढे जायचं, ही त्यांची रीत. छापलेल्या मजकुरातली चूक त्यांना डोळ्यात गेलेल्या कुसळासारखी टोचे. एकदा एका लग्नपत्रिकेत वार चुकला, तर बांधलेले गठ्ठे सोडून सगळं पुन्हा छापेपर्यंत ते जेवले नव्हते.

"कसलं काम काढलंय?" असं विचारत वहिनीने वरचा कागद उचलला.

'हिंदू बांधवांनो, जागे व्हा! खाली दिलेली दुकानं मुसलमानांची आहेत. पाटीवरून ओळखू येत नाहीत, म्हणून ही यादी. त्यांच्याकडून सुतळीचा तोडासुद्धा घेऊ नका.' खाली नऊ दुकानं, गाळ्यांच्या क्रमांकासह.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मास्तर मुसलमान होते.

"मास्तर, हे वाचलंत तुम्ही?"

"वाचलं."

"आणि तरी छापताय?"

मास्तरांनी मशीन थांबवलं आणि चिंधीला हात पुसले. "बंद केलं असतं तर म्हणाले असते, बघा, यांना झोंबलं. वाईट छापलं असतं तर म्हणाले असते, मुद्दाम केलं. तिसरं काय उरतं, वहिनी? म्हणून नीट छापलं."

ते इतक्या शांतपणे म्हणाले की तिला त्यांचाच राग आला. माणसाने आपल्याच गळ्याचा फास असा सरळ वळून द्यावा? मग तिची नजर यादीतल्या चौथ्या ओळीवर गेली आणि मास्तरांवरचा राग जागच्या जागी मेला.

'कपडे शिवून मिळतील, गाळा क्र. १७.'

हे दुकान मास्तरांच्या मुलीचं. चार वर्षांपूर्वी ते उघडलं तेव्हा त्याची कार्डं याच प्रेसवर छापली होती. गाळा होता ७१. घाईत अक्षरजुळणी झाली १७ आणि वहिनीने न बघता प्रूफ पास केलं. पहिलंच कार्ड भिंगाखाली धरून मास्तर ओरडले होते. दुरुस्त कार्डं नव्याने छापली, चुकलेली जाळली. चूक उरली ती फक्त प्रेसच्या कॉम्प्युटरमध्ये, जुन्या फायलीत, पुसायचं कोणाला सुचलं नाही म्हणून. त्याच कॉम्प्युटरमध्ये अर्ध्या बाजाराची कार्डं होती, मालकांच्या नावांसकट.

"बाहेर ये!" तिने आतल्या खोलीकडे बघून आवाज दिला. चिरंजीव आले. छत्तीस वर्षांचा घोडा, पण आईसमोर आला की पंख्याकडे बघायचा.

"यादी कोणी दिली यांना?"

"आई, मंडळाचं काम आहे. वर्षभराची सगळी छपाई त्यांच्याकडूनच येते. नाही कसं म्हणणार?"

"मी विचारलं काय, तू सांगतोस काय! यांच्या मांडीवर बसून अक्षरं ओळखायला शिकलास ना रे तू?"

"काकांना काही होणार नाही. मी बोललोय तसं."

म्हणे बोललाय! जणू काकांचं बरंवाईट याच्या खिशात होतं. ती आणखी काही बोलणार तोच दारात व्यापारी मंडळाचे अध्यक्ष उभे राहिले. पांढरेशुभ्र कपडे आणि तोंडावर साखर. मागच्याच महिन्यात याच गृहस्थांनी 'सर्व धर्म समान' या विषयावरच्या भाषणस्पर्धेची प्रमाणपत्रं इथून छापून नेली होती आणि बक्षिसं वाटताना देशाच्या घटनेवर अर्धा तास बोलले होते. तेही कागद मास्तरांनीच छापले होते, तितक्याच नीट.

"झालं का वहिनी? पहिला गठ्ठा न्यावा म्हटलं."

"होईल की. फक्त खाली नाव टाकायचं राहिलंय. छापणाऱ्याचं आणि छापून घेणाऱ्याचं, कायद्याने दोन्ही लागतात. आमचं मी टाकते. तुमचं पूर्ण नाव, पत्ता सांगा."

अध्यक्ष हसले. "माझं कशाला? 'समस्त जागरूक नागरिक' असं टाका."

"त्या समस्तांमधल्या एकाचं तरी नाव सांगा."

"वहिनी, गोष्टी समजून घ्यायच्या असतात."

"समजलं ना! नऊ जणांचे पत्ते चव्हाट्यावर मांडायला छाती आहे, स्वतःचं नाव लिहायची वेळ आली की बोटं लुळी पडतात. पोरीबाळी दुकानं चालवतात तिथे, आणि तुम्ही त्यांच्यावर लोक सोडताय!"

"आम्ही कोणावर काही सोडत नाही. कुठून काय घ्यायचं ते ज्याचं त्याने ठरवावं," अध्यक्ष म्हणाले. "आणि आमच्या कार्यकर्त्यांनी दारोदार फिरून माहिती गोळा केलीय. यादी अगदी पक्की आहे."

ते 'दारोदार' ऐकलं आणि तिचा तोल गेला. चोरी तिच्या घरातली, आणि हा तिच्याच तोंडावर कष्टाच्या कथा सांगत होता.

"वहिनी, राहू द्या," मास्तर मागून म्हणाले. त्यांनी हातही वर केला होता.

हा माणूस अजून भिडस्तपणा सोडत नाही, असं तिला वाटलं. "का राहू द्या? डोंबलाची पक्की यादी! सतरा नंबरला टाळं लावलेलं गोदाम आहे. यांच्या मुलीचा गाळा एकाहत्तर! ही चूक अख्ख्या जगात एकाच ठिकाणी आहे, माझ्या कॉम्प्युटरमध्ये! फिरला कोण दारोदार? माझ्या या कुलदीपकाने घरातून काढून दिलीय ही यादी!"

चिरंजीवांनी मान खाली घातली. खोटं असं उघडं पाडलं की वहिनीला फार बरं वाटे, तसं घटकाभर वाटलंही.

अध्यक्षांनी खिशातून पेन काढलं. वरचा एक कागद घेतला, चौथ्या ओळीवर बारीक रेघ मारली आणि वर काहीतरी लिहिलं.

"बरं झालं सांगितलंत," ते म्हणाले. कागदाची घडी घालून खिशात ठेवली आणि चालते झाले. जाताना नमस्कारही केला.

मशीन बंदच होतं. मास्तरांनी रॉकेलने हात धुतले. रोज संध्याकाळी धूत, आज दुपारी बाराला धुतले.

"चूक मी सकाळीच पाहिली होती, वहिनी," ते म्हणाले. "पहिल्याच कागदावर. एकतीस वर्षांत पहिल्यांदाच एक चूक राहू दिली होती."

तिला बसायला स्टूल सापडेना. तिच्या जिभेला सगळा बाजार घाबरत होता, आणि त्या जिभेने नेमकं कोणाचं घर दाखवलं होतं! मास्तरांनी खिळ्यावरचं भिंग काढून खिशात टाकलं आणि ते मुलीकडे गेले. छापलेले सगळे कागद तिने चिरंजीवांच्या हाताने कापून घेतले, बोटभर रुंदीच्या पट्ट्या होईपर्यंत. त्याने काय साधणार होतं ते तिलाही कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रेसच्या शटरखालून एक कागद आत सरकवलेला होता. दुसरीकडे छापलेला. शाई फिकट, ओळी तिरक्या, खाली कोणाचंही नाव नाही. चौथी ओळ मात्र बिनचूक होती.

नऊ वाजून गेले तरी मास्तर आले नाहीत. ती तशीच बाजारात निघाली. सतरा नंबरच्या गोदामाला टाळं होतं आणि त्याच्याकडे कोणी ढुंकूनही बघत नव्हतं. एकाहत्तर नंबरची काच फुटली होती. दारात हातगाडी उभी होती, मुलगी कापडांचे गठ्ठे त्यात रचत होती आणि मास्तर शिवणयंत्र एकट्याने उचलायची खटपट करत होते.

वहिनीने पुढे होऊन दुसरी बाजू धरली.

"सोडा," मास्तर म्हणाले. "आमचं आम्ही नेऊ."

एकतीस वर्षांत त्यांच्या तोंडून 'आपलं' सोडून दुसरा शब्द तिने ऐकला नव्हता. तिने बाजू सोडली नाही. दोघांनी यंत्र गाडीत ठेवलं, आणि मास्तरांनी तिच्याकडे न बघता दोर आवळला.