मधला प्लग

दिगंबरराव आगाशे यांनी बंद केलेली वस्तू दुसऱ्या कुणाला उघडत नाही, हे कोलकात्याजवळच्या बराकपूरमधल्या त्या अख्ख्या इमारतीला ठाऊक होतं. नळ त्यांनी बंद केला की कामाला येणारी मीना हात टेकायची. लोणच्याच्या बरणीला त्यांनी झाकण लावलं की पाहुण्यांना चटणीवर भागवावं लागायचं. एखादी गोष्ट घट्ट बसली की वर आणखी अर्धा पीळ द्यायचा, हा त्यांचा शिरस्ता. फोर्ट विल्यमच्या लष्करी हिशेब खात्यात नोकरी झाली, तिथे काहीही ढिलं सोडून चालत नसे, असं त्यांचं म्हणणं. श्यामलाबाईंचं म्हणणं असं, की हा गुण नोकरीच्या आधीचा आहे. लग्नात यांनी उपरण्या-शालूची गाठ स्वतःच्या हाताने अशी काही आवळली होती, की शेवटी भटजींना दात लावावे लागले.

त्यामुळे घरच्या जुन्या मारुतीच्या इंजिनातला मधला स्पार्क प्लग जाम झाला, तेव्हा तो मागे कुणी बसवला होता, हे विचारायची गरजच कुणाला पडली नाही.

आता गाडीपेक्षा गाडीमागचं प्रकरण मोठं होतं. दिगंबररावांना काचबिंदू होता. डॉक्टरांनी यंत्रात तोंड घालायला लावून बारीक दिवे दाखवले, आणि समोरचं चांगलं दिसतंय पण कडेचं जात चाललंय, तेव्हा गाडी चालवणं बंद, असं बजावलं. दिगंबरराव घरी येऊन म्हणाले की यंत्रातले दिवेच मिणमिणते होते. नाचता येईना अंगण वाकडं! पेपरातल्या जाहिराती मी घडाघडा वाचतो, मला न दिसायला काय झालं, असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत राहिले.

श्यामलाबाई वाद घालत बसल्या नाहीत. त्यांनी सरळ गाडीच्या क्लासात नाव घातलं आणि साठी उलटल्यावर लायसन्स काढून आणलं. मग पुण्याहून लेकाचा, उन्मेषचा फोन आला आणि त्याच्या साक्षीने ठरलं, की यंदा कोलकात्यातल्या मराठी मंडळाच्या चैत्रातल्या हळदीकुंकवाला श्यामलाबाई स्वतः गाडी घेऊन जाणार. गाडी नीट सुरू झाली की किल्ली त्यांच्याकडे. दिगंबररावांनी तसा शब्द दिला.

शब्द दिला खरा, पण मनातून नव्हे. इतकी वर्षं त्या हळदीकुंकवाला बायकोला तेच घेऊन जात. बायका आत कैरीची डाळ नि पन्हं घेत बसायच्या, आणि हे बाहेर गाडीत काच खाली करून पेपर वाचत बसायचे. कुणीतरी न विसरता त्यांची बशी खिडकीपाशी आणून द्यायचं. मंडळातल्या बायका त्यांना श्यामलेचा ड्रायव्हर म्हणत, आणि ते त्यांना मनापासून आवडे. किल्ली गेल्यावर ते कोण उरणार होते?

आणि नेमकी गाडी अडली. बरेच दिवस उभी होती, सुरू केली तर मलेरियाच्या रोग्यासारखी हुडहुडायला लागली. मधला प्लग काम करत नव्हता. तो बदलायला घेतला तर जागचा हलेना. श्यामलाबाई म्हणाल्या, मेकॅनिकला बोलवा. दिगंबरराव म्हणाले, मुळीच नाही. तो पान्याला लांब नळी लावून हिसडा देणार, प्लग मोडणार, अर्धा इंजिनात राहणार आणि मग सगळं इंजिन उघडून बसावं लागणार. जाम झालेल्या प्लगशी जोर करायचा नसतो. इंजिन थोडं कोमट करायचं, आट्यांच्या कडेला तेल सोडायचं आणि वाट बघायची. मग थोडं उलटं फिरवायचं, लगेच थोडं सुलटं, पुन्हा तेल. यात चूक काहीच नव्हतं. त्यांना या कामाची जाण होती, हे कबूल केलं पाहिजे.

रोज सकाळी ते बॉनेट उघडून उभे राहिले, आणि कोलकात्यात उघडं बॉनेट म्हणजे सभेचं निमंत्रणच. तळमजल्यावरचे केदारबाबू, निवृत्त भूगोलमास्तर, घरातून खुर्ची घेऊनच आले. कोल्ड्रिंक ओता, असा त्यांचा सल्ला. दूधवाला म्हणाला हातोडी. सियालदहची लोकल गाठायला निघालेला एक गृहस्थ गाडी चुकवून थांबला आणि आपल्या मामाच्या स्कूटरची कथा सांगून गेला. दिगंबरराव सगळ्यांना हो म्हणत होते आणि करत होते आपल्याच मनाचं.

मंगळवारी दुपारी, आसपास कुणी नसताना, प्लग हलला. कुरकुर करत अर्धा फेरा फिरला, मग अख्खा, मग निघून हातातच आला. दिगंबररावांनी तो काळा पडलेला प्लग न्याहाळला. नवा प्लग खिशात होता. तो बसवायचा, गाडी सुरू करायची, वर जाऊन किल्ली द्यायची, इतकंच राहिलं होतं.

त्यांनी जुनाच प्लग परत आत घातला, पान्याने आवळला, आणि सवयीने वर अर्धा पीळ दिला. सुंभ जळतो, पण पीळ काही जात नाही.

बुधवारपासून नाटक सुरू झालं. पाना लावायचा, हुश्श करायचं, घाम पुसायचा. केदारबाबू खुर्ची पुढे ओढून इंजिनात डोकावले की हे घाईने वाकून प्लग झाकायचे, चोराच्या मनात चांदणं तसं. श्यामलाबाई खाली चहा आणून द्यायच्या, संध्याकाळी त्यांच्या तळव्यांना तेल चोळायच्या. आपली कला फारच उत्तम वठते आहे, असं दिगंबररावांना वाटायला लागलं.

शनिवारी सकाळी श्यामलाबाई फोनवर मैत्रिणीशी, कालिंदीशी बोलत होत्या. हळदीकुंकू उद्यावर आलं होतं. त्या सांगत होत्या, गाडीचं काही जमत नाही बघ, मी आपली टॅक्सीने येते. चालवत येणार म्हणून सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, जरा हसतील, हसू देत. पण यांना मी काही बोलणार नाही. माझ्यासाठी हाताची सालटी निघेपर्यंत झटतायत बिचारे.

दिगंबरराव चपला शोधायच्या भानगडीत न पडता अनवाणीच खाली गेले. त्यांना स्वतःची मनस्वी लाज वाटली. पाना लावला आणि मनापासून फिरवला.

प्लग ढिम्म. तेल सोडलं, वाट पाहिली, इंजिन कोमट केलं, पुन्हा फिरवला. ढिम्म. आटे साफ न करता, कोरडाच आवळलेला तो प्लग आता खरोखरच जाम झाला होता. पाना एका हाताने सरळ दाबून धरायचा आणि दुसऱ्याने फिरवायचा, तर त्यांच्या मनगटात तेवढं बळ उरलं नव्हतं. जोर केला असता तर मोडला असता. त्यांनी खालूनच हाक मारली.

श्यामलाबाई हात पुसत आल्या, सांगितलं तिथे दोन्ही हातांनी पाना दाबून उभ्या राहिल्या. दिगंबररावांनी दांडा धरला, पण फिरवला नाही. मान खाली घालून त्यांनी मंगळवारचं सगळं सांगून टाकलं.

श्यामलाबाईंचे हात पान्यावर तसेच राहिले.

"म्हणजे इतके दिवस मी तेल चोळत होते ते कशाला?"

"हात खरंच दुखत होते," दिगंबरराव म्हणाले.

श्यामलाबाईंना हसू येईल असं दिगंबररावांना वाटलं होतं. आलं नाही. उलट डोळे भरून आले, आणि ते पुसायला हात मोकळे नव्हते.

"माझ्या हातात गाडी द्यायची नव्हती, तर तसं तोंडाने सांगायचं होतं."

"तसं नव्हतं गं. तू चालवायला लागलीस की मी काय करायचं, तेच मला कळत नव्हतं."

श्यामलाबाईंनी डोळे खांद्याला पुसले. मग म्हणाल्या की मला राग आलाय, चांगलाच आलाय, पण आधी हा प्लग काढू आणि मग मी सावकाश रागावते. दिगंबररावांनी मान डोलावली. थोडं उलटं, थोडं सुलटं, तेल, पुन्हा थोडं उलटं. केदारबाबू खुर्ची घेऊन आले, पण नवराबायकोचे चेहरे पाहून कोल्ड्रिंकचा विषय न काढता परत गेले. ऊन डोक्यावर येता येता प्लग कुरकुरला आणि निघाला. दिगंबररावांनी आटे फडक्याने पुसून घेतले, नवा प्लग बोटांनी बसवला. पाना मात्र श्यामलाबाईंनी हातात घेतला आणि पुरेसा आवळून, त्यांचे हात पुढे यायच्या आत बॉनेट लावून टाकलं.

रागावायचं ठरलं होतं तसं त्या रागावल्याही. रात्रीच्या आमटीत मीठ नव्हतं, आणि दिगंबररावांनी ती मुकाट्याने दोनदा वाढून घेतली.

रविवारी जरीची साडी, नथ आणि पायात कापडी बूट अशा थाटात श्यामलाबाई स्टिअरिंगवर बसल्या. दिगंबरराव डाव्या सीटवर बसले. इतक्या वर्षांत त्या सीटवरून गाडी कशी दिसते हे त्यांनी पाहिलंच नव्हतं. गाडी निघाली, इमारतीच्या फाटकाशी बंद पडली, पुन्हा निघाली. बी.टी. रोडला लागेपर्यंत दिगंबररावांनी तीनदा दुसरा गिअर, दुसरा गिअर असं पुटपुटून घेतलं आणि उजवा पाय पुढच्या पत्र्यावर गच्च दाबून धरला.

"ब्रेक माझ्याकडे आहे," श्यामलाबाई रस्त्यावरची नजर न काढता म्हणाल्या.

दिगंबररावांनी पाय मागे घेतला आणि तोंडही मिटलं. पुढचा रस्ता त्यांना लख्ख दिसत होता. टोटो रिक्षांची रांग, बसची पाटी, त्या पाटीवरचं अक्षरन् अक्षर. उगाच घाबरवतात हे डॉक्टर लोक, असं त्यांच्या मनात येतंय तोच श्यामलाबाईंनी करकचून ब्रेक लावला. दिगंबरराव पट्ट्यात अडकून पुढे झुकले. रस्ता मोकळा असताना मध्येच काय थांबायचं, मागून कुणी धडकलं म्हणजे, असं सगळं त्यांच्या जिभेवर आलं, आणि तेवढ्यात बॉनेटच्या अगदी पुढ्यातून मुरमुऱ्यांचं भलं मोठं पोतं लादलेली एक सायकल डावीकडून उजवीकडे गेली. म्हाताऱ्या सायकलवाल्याने एक हात उचलून माफी मागितल्यासारखं केलं.

"हा कुठून आला?"

"तुमच्या बाजूच्या गल्लीतून. केव्हाचा दिसत होता."

दिगंबररावांनी मान पूर्ण वळवली. तेव्हा कुठे त्यांना गल्ली दिसली, तोंडावरचं चहाचं दुकान दिसलं, तिथे उभी असलेली माणसं दिसली. मागची बस हॉर्न वाजवत होती. ते कितीतरी वेळ तिकडेच पाहत राहिले.

"श्यामला," ते म्हणाले, "मी मारला असता गं त्याला."

"हो," श्यामलाबाई म्हणाल्या. त्यांनी गिअर टाकला आणि गाडी पुढे काढली.