बाबांची थ्री-नॉट-थ्री

आमच्या धाकट्या मुलाचं, तुलुगाकचं, लग्न झालं त्या वर्षीची ही गोष्ट. मार्च महिना होता, आमच्या इथे पार उत्तरेला खाडीवर अजून जाड बर्फ होता, आणि लग्नाच्या जेवणासाठी ताजं सील मारून आणायचं उयाराकने अंगावर घेतलं होतं.

उयाराक माझ्या मुलीची मुलगी, तेव्हा वय बावीस. माझे वडील वारले त्यानंतरच्या उन्हाळ्यात ती जन्मली, म्हणून त्यांचंच नाव तिला दिलं. आमच्यात नाव आलं की माणूस आलं. मी तिला बाबा म्हणतो, ती मला पोरा म्हणते. माझी बायको अलासुआ तिला मामंजी म्हणते, आणि खऱ्या मामंजींशी कधी भांडायला मिळालं नाही ती कसर हिच्याशी भांडून काढते.

बंदूकही तिचीच. युद्ध संपल्यावर लष्कराने जुन्या थ्री-नॉट-थ्री विकायला काढल्या, तेव्हा बाबांनी पांढऱ्या कोल्ह्यांची कातडी देऊन व्यापाऱ्याकडून एक घेतली. पुढे तिचा दस्ता स्लेजखाली सापडून तडकला, तिथे त्यांनी वालरसच्या दाताची खुंटी ठोकली. बाबांनंतर ती मी वापरली आणि डोळे अधू झाल्यावर उयाराकला दिली. म्हणजे परत केली.

पण लग्नाच्या आठवड्यात बंदुकीने तिला दगा दिला. बर्फाच्या कडेला, उघड्या पाण्यात सील वर आलं, तिने नेम धरला, घोडा ओढला आणि नुसतं टक् झालं. सीलने तिच्याकडे नीट बघून घेतलं आणि बुडी मारली. सोबतच्या पोरांनी ही बातमी तिच्याआधी गावात आणली. दुकानात एका म्हातारीने विचारलं, पाहुण्यांच्या ताटात काय टक् टक् वाढणार का. उयाराक तिथे हसली, पण घरी येऊन म्हणाली की उद्या पुन्हा असं झालं तर ही बंदूक मोडीत देणार. तिची वस्तू, तिची मर्जी. पण त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

दुपारी तिने जमिनीवर पुठ्ठा अंथरला आणि बंदूक खोलायला बसली. बंदुकीच्या पोटातला गोळ्यांचा डबा काढला. गोळी आत सारणारा बोल्ट मागे ओढून बाहेर घेतला, त्याचं डोकं फिरवून वेगळं केलं. आत एक जाड सुई असते, ती गोळीच्या बुडावर आदळते. ती सुई काढायला बाबांनी नळाच्या तुकड्याला कानस मारून एक चावी केली होती. चावी तिच्या मुठीत अशी बसली की मी बघतच राहिलो. बंदुकीच्या नळीतून तिने उकळतं पाणी ओतलं, दोरीला चिंधी बांधून आरपार ओढली. चिंधी काळी निघाली, मग करडी, मग जवळजवळ पांढरी. सगळं बरोबर चाललं होतं. मग तिने तेलाची बाटली उचलली आणि सुईला, स्प्रिंगला, बोल्टच्या पोटात सढळ हाताने तेल घातलं, आजाऱ्याला रस्सा पाजावा तसं.

टक् कुठून आलं ते मला कळलं. पण सांगणार कसं? ज्याला वडीलधाऱ्याचं नाव आहे त्याला आमच्यात कोणी चुकलास म्हणत नाही. लहानपणीसुद्धा उयाराकला कोणी रागावलं नव्हतं. अलासुआ चुलीपाशी पाव तळत होती. तिने मला कोपराने ढोसलं.

"बापाला शिकवू?" मी हळूच म्हटलं.

"नको शिकवूस. मी तर सून, माझं तोंड बंदच. लग्नात टक् टक् खाऊ सगळे."

मी उठून पुठ्ठ्यापाशी बसलो. म्हटलं, "बाबा, मी लहान असताना तुम्ही मला हे शिकवलं होतं. आता सगळं विसरलो. पुन्हा एकदा दाखवा ना."

उयाराकने माझ्याकडे पाहिलं. मग हातातल्या सुईकडे. मग बाटली खाली ठेवली.

"विसरलास? तुझं लक्ष कुठे असतं रे पोरा?" ती म्हणाली. "बरं सांग, ही सुई तुझ्या हातात दिली होती तेव्हा कशी होती?"

"कोरडी. हाडासारखी."

"आणि तेल?"

"हिवाळा लागला की पेट्रोलने धुऊन टाकायचात. म्हणायचात, थंडीत तेल घट्ट होतं, मग सुई चिखलातून चालल्यासारखी चालते."

"अजून काय सांगितलं होतं मी?"

"बंदूक रात्री बाहेरच्या थंड खोलीत टांगायची. घरात आणली की तिला घाम येतो आणि बाहेर नेली की त्या घामाचा बर्फ होतो."

मिळाल्यापासून तिने बंदूक रोज उशाशी घेतली होती, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

"मीच सांगितलं आणि मीच विसरले," ती म्हणाली. "वय झालं माझं."

अलासुआ म्हणाली, "मामंजी, आता तरी पसारा आवरा. पाव कुठे ठेवू?"

उयाराकने बाहेरच्या खोलीत जाऊन एकेक तुकडा धुतला, कोरड्या कापडाने पुसला, सगळं पुन्हा जोडलं. बोल्ट मागेपुढे केला. आवाज बाबांच्या वेळचा आला. मग तिने बंदूक तिथेच खिळ्याला टांगली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिच्या स्लेजवर दोन सील होती, एक बऱ्यापैकी मोठं. लग्नाला जमिनीवर पुठ्ठे पसरून त्यावर मांस मांडलं आणि सगळा गाव भोवती बसून जेवला, ती दुकानातली म्हातारी दोनदा. उयाराकने काळजाचा पहिला तुकडा कापला आणि सुरीच्या टोकावर माझ्यापुढे धरला. "खा पोरा. वाढायचं वय आहे."

बंदूक अजून त्याच खिळ्यावर आहे. उयाराकची मुलगी आता तीन वर्षांची झाली. मी चहात साखर जास्त घातली की ती कमरेवर हात ठेवून माझ्याकडे बघते, आणि मी साखर कमी करतो. तिचं नाव अलासुआ. माझी अलासुआ तिच्या जन्माआधीच्या फेब्रुवारीत वारली.