हिरव्या कोटांची पलटण

माझा नवरा डेस्मंड निवृत्त बसचालक, पण मागच्या खोलीत तो ग्रँड ड्यूक. हाल्बेनश्टाइन हा देश त्यानं मनानंच उभा केला. त्याचा नकाशा, त्याचे भांडखोर शेजारी, आणि बोटाएवढ्या शिशाच्या सैनिकांना रंगवून टेबलावर लावलेल्या लढाया. त्यांच्या हकिकती तो फोटोंसकट ब्लॉगवर लिहायचा. मी तिथे चहा ठेवून परत फिरायचे. म्हाताऱ्याचा पोरखेळ, त्यात काय बघायचं?

गेल्या आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी काचबिंदू सांगितला. गेलेली नजर परत येत नाही म्हणाल्या, वर्षभर आधी आला असतात तर बरीच वाचली असती.

"रंग ओळखताना गोंधळ व्हायचा का?"

"छे! सैनिक रंगवतो मी," डेस्मंड ऐटीत म्हणाला.

रविवारी त्यानं ब्लॉग बंद करायचं ठरवलं. शेवटी वाचकांचे आभार मानायचे, त्यात कुणी राहायला नको, म्हणून जुने अभिप्राय वाचायला मला बसवलं.

"हा लीड्सचा बर्नार्ड. दीड वर्षापूर्वी लिहिलंय. 'ड्यूकनं रानरक्षकांना हिरवे कोट चढवून मैदानात आणलं, वा!'"

"हिरवे? अगं विनी, ती पलटण निळी आहे. वर मी तसंच लिहिलंय."

खाली सगळ्यांनी तेच उचलून धरलं होतं. कुणी तर रानरक्षकांचं गाणं रचलं होतं. मी उठून सैनिकांचं कपाट उघडलं. कोट मटारासारखे हिरवे होते.

"खरं सांग."

"हिरवे आहेत, डेस."

त्यानं एक सैनिक मागून घेऊन डोळ्यांजवळ धरला. "म्हणजे त्यांना दिसलं होतं. मला वाईट वाटू नये म्हणून बिचाऱ्यांनी देशाचा गणवेशच बदलला."

"बिचारे कसले? एकानं तोंड उघडलं असतं तर डोळे वाचले असते तुझे! थांब, लिहितेच आता सगळ्यांना."

'तू तर घरातच होतीस,' असं तो म्हणाला नाही. म्हणायला हवं होतं. मला ते अजून सलतं.

"नको गं," तो म्हणाला. "हे कळलं तर ते पुन्हा कुणाचीच चूक सांभाळून घेणार नाहीत. नुसते आभार लिही."

मी लिहिले. एकेकाचं नाव घेऊन, रानरक्षकांच्या वतीनं. डोळे पुसत परत वाचून काढलं.

"काही चुकलं नाही ना?" त्यानं विचारलं.

"काही नाही," मी म्हटलं.