खालून तिसरी पायरी

नगरपरिषदेच्या पहिल्या मजल्यावर, जन्म-मृत्यू नोंदणी आणि पाणीपुरवठा यांच्यामधल्या बोळकांडीत प्रसिद्धी विभाग होता. विभाग म्हणजे एक टेबल, एक संगणक, एक खुर्ची आणि त्या खुर्चीवर बसणारा माणूस. त्याला सगळे संपन्नराव म्हणत. आईबापांनी ठेवलेलं नाव वेगळं होतं. पण त्याची प्रत्येक बातमी ‘कार्यक्रम उत्साहात संपन्न झाला’ या वाक्यावर येऊन टेकायची, आणि त्याची थट्टा केल्याशिवाय शिपायापासून नगराध्यक्षांपर्यंत कुणालाच चहा गोड लागत नसे.

आता यात त्याचा काही दोष नव्हता. शहरातलं एकुलतं एक दैनिक दुपारीच पानं लावायला घ्यायचं, आणि नगरपरिषदेचे कार्यक्रम संध्याकाळी, ऊन उतरून समुद्रावर वारा सुटला की. त्यामुळे तिथे सगळं उलटं चालायचं. आधी बातमी जायची, मग कार्यक्रम व्हायचा. नगराध्यक्षांनी फीत कापली, हे नगराध्यक्ष दुपारचे जेवून आडवे झालेले असतानाच लिहून व्हायचं. नागरिकांनी टाळ्यांचा कडकडाट केला, हेही. फोटो तेवढा नंतर जायचा. इतकी वर्षं हे बिनबोभाट चाललं होतं, कारण फीत काय, कुठल्याही दिवशी कापली जातेच. किनाऱ्यावरच्या बाकांना रंग दिला, मोकाट कुत्र्यांना लस टोचली, बंद दिवे चालू झाले, असल्या बातम्या कोण ताडून बघतो? आणि वाचतो तरी कोण?

तर एक माणूस वाचायचा. संपन्नरावाचे बाबा. जन्मभर त्यांनी बंदरखात्याची लाँच चालवली होती. निवृत्तीनंतर त्यांचे दोनच नेम उरले होते. पहाटे धक्क्याच्या पायऱ्या उतरून समुद्रात पाय बुडवून यायचं, आणि पेपर आला की मुलाच्या बातम्या कापून बिस्किटांच्या डब्यात ठेवायच्या. बातमीवर मुलाचं नाव नसायचं, तरी त्यांना ती बरोबर ओळखू यायची. “ही आमच्या पोराची,” असं म्हणून ते कात्री चालवायचे.

पावसाळ्यात एका मोठ्या लाटेने धक्क्याची खालून तिसरी पायरी उखडून नेली होती. तेव्हापासून वरच्या टोकाला दोर बांधून पायऱ्या बंद केलेल्या. बाबा मग धक्क्यावरूनच समुद्राला तोंड दाखवून परत यायचे आणि दिवसभर कुरकुरायचे. “नगरपरिषदेला सांग जरा,” असं ते मुलाला म्हणत, जणू नगरपरिषद म्हणजे मुलाचा धाकटा भाऊ.

शेवटी दुरुस्तीचा दिवस ठरला. संपन्नरावाने दुपारी बातमी धाडली: पायऱ्यांची दुरुस्ती पूर्ण झाली असून त्या आजपासून नागरिकांसाठी खुल्या करण्यात आल्या आहेत. संध्याकाळी तो धक्क्यावर गेला तर नगराध्यक्ष होते, फोटोवाला होता, अभियंता होता, आणि गवंड्याचा पत्ता नव्हता. दोर फोटोत वाईट दिसतो म्हणून सोडला. नगराध्यक्ष सगळ्यात वरच्या पायरीवर उभे राहून हसले. खाली तिसऱ्या पायरीच्या जागी पाणी आत-बाहेर करत होतं.

“साहेब, पायरी?” संपन्नरावाने अभियंत्याला विचारलं.

“उद्या सकाळी बसवून टाकतो हो. रातोरात कोण पळून जातंय?”

“बातमी गेलीय.”

“मग तर काळजीच मिटली,” अभियंता म्हणाला.

दोर परत बांधायचा राहिला. तो बांधायचा कुणी, हे कुणाला सांगितलेलंच नव्हतं. संपन्नरावाला दैनिकात एक फोन करता आला असता. त्याने केला नाही. घरी येऊन तो जेवला, बायकोशी गॅसच्या शेगडीबद्दल बोलला आणि झोपला. बाबांपाशी विषय निघाला नाही, आणि याने काढला नाही. पहाटे पेपर आला तेव्हा घर झोपेत होतं. बाबांनी बातमी वाचली, कापली, डब्यात टाकली आणि काठी घेऊन निघाले.

मासेवाल्यांनी त्यांना बाहेर काढलं. खुब्याचं हाड मोडलं होतं.

तेव्हापासून संपन्नराव बधीर झाला होता. दातांच्या डॉक्टरने सुई टोचल्यावर गाल असतो ना, आपलाच असतो पण आपला वाटत नाही, तसं त्याला सगळ्या अंगभर झालं होतं. रडू आलं नाही, राग आला नाही. डॉक्टरांनी दाखवलं तिथे त्याने सही केली. तिसऱ्या दिवशी नगराध्यक्ष रुग्णालयात पुष्पगुच्छ घेऊन येणार असं ठरलं, तेव्हा रिवाजाप्रमाणे ती बातमी त्यानेच आधी लिहिली. नगराध्यक्षांनी ज्येष्ठ नागरिकाची आस्थेने विचारपूस केली, वगैरे. ‘धक्क्यावर पडून जखमी झालेल्या’ असं त्याने लिहिलं होतं. नगराध्यक्षांनी वाचून मान हलवली.

“पडून म्हटलं की का पडून, असा प्रश्न येतो. ‘वयोमानामुळे तोल जाऊन’ असं करा. तुमच्याच वडिलांचं आहे, तुम्हाला काय सांगायचं!”

त्याने तसं केलं. बोटं चालली, शब्द उमटले, त्याला काहीही वाटलं नाही. मागाहून अभियंत्याने दोरही बांधून घेतला.

बाबांनी ती बातमी खाटेवर पडल्या पडल्या वाचली. दोनदा वाचली. मग चष्मा काढून मिटला, डबीत ठेवला, आणि त्यानंतर तो घातलाच नाही.

हाड जुळलं. डॉक्टर म्हणाले, आता उठा, चाला. व्यायाम शिकवणारी मुलगी यायची, हातापाया पडायची. बाबा तिला गोड बोलून परत पाठवायचे. “पाय चालतील गं बाळा. डोळ्यांचं काय करू? समोर पायरी आहे की नाही ते मला कळलं नाही. असल्या माणसाने रस्त्यावर जाऊ नये. दुसऱ्या कुणाला घेऊन पडायचा.” डोळ्यांच्या डॉक्टरने तपासून सांगितलं की नजर उत्तम आहे. बाबा म्हणाले, “ते बिचारे मन राखायला सांगतात.” ज्याने धुक्यात, भरतीत, वाऱ्यात लाँच धक्क्याला अलगद लावली होती, तो माणूस आता पाण्याचा पेला उचलण्याआधी हाताने चाचपून बघायचा. काठी त्यांनी सुनेकडून माळ्यावर टाकून घेतली.

पेपर तेवढा सुटला नव्हता. संध्याकाळी कचेरीतून आल्यावर मुलाने वाचून दाखवायचा, असा नवा नेम झाला. मुलगा वाचायचा, बाबा डोळे मिटून ऐकायचे.

“माणूस असा बसल्या जागी संपत चाललाय,” एकदा बायको भांडी विसळता विसळता म्हणाली. “तुमच्यासमोर. तुम्हाला काहीच कसं वाटत नाही हो?”

“वाटतं.”

“मग बोला ना त्यांच्याशी काहीतरी.”

बोलायला एक वाक्य पुरलं असतं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पायरी नव्हतीच, बाबा. बस, एवढंच. पण त्या वाक्यामागून दुसरं आपोआप आलं असतं, की मला ते आदल्या संध्याकाळी माहीत होतं. म्हणून त्याने पहिलंही काढलं नाही. भित्रा होता, दुसरं काय! बधीरपणाचा हा एक फायदा असतो, भित्रेपणा त्यात बेमालूम मिसळून जातो.

पुढच्या सर्वसाधारण सभेत गटारांवरची झाकणं, भाजीबाजारातला नळ आणि किनाऱ्यावरच्या धोक्याच्या पाट्या हे विषय एकमताने मंजूर झाले. मग कोपऱ्यातले एक अपक्ष सदस्य उठले.

“धक्क्याच्या पायऱ्यांना अजून दोर आहे. त्या दुरुस्त झाल्यात की नाहीत?”

“झालेल्याच आहेत,” नगराध्यक्ष म्हणाले. “पेपरात आलंय. तुम्ही वाचत नाही का?”

सभागृह हसलं. अपक्ष सदस्यही हसले आणि खाली बसले. संपन्नराव भिंतीलगतच्या खुर्चीवर टिपणं घेत होता. त्याने लिहिलं: समाधानकारक उत्तर देण्यात आले.

सभा संपल्यावर मात्र नगराध्यक्षांनी अभियंत्याला आत बोलावून फैलावर घेतलं, आणि त्याच आठवड्यात गवंडी उगवला. संपन्नरावाने सवयीने विचारलं, “बातमी करायची का?”

“पायरीची? वेडे की काय? ती झालीय ना एकदा. रंगकाम म्हणा. धक्क्याचं रंगकाम.”

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो धक्क्यावर गेला. दोर निघाला होता. जुन्या, शेवाळलेल्या, काळ्या पायऱ्यांमध्ये ती एकच पायरी करकरीत राखाडी होती. आंधळ्यालाही कळलं असतं की ही आत्ताची आहे. त्याने खाली उतरून तिच्यावर पाय ठेवला. पक्की होती. तो जरा वेळ तसाच उभा राहिला. बुटात पाणी शिरलं. पाणी गार आहे हे त्याला कळलं, आणि बऱ्याच दिवसांत पहिल्यांदाच काहीतरी कळल्यासारखं वाटलं.

घरी बाबा वाट बघत होते. त्याने ओले बूट दारात काढले, खाटेशेजारी खुर्ची ओढली, पेपर उघडला. गटारांची बातमी वाचली. नळाची वाचली. रंगकामाची आली तेव्हा ती ओलांडून तो पुढे गेला आणि तोच एकसुरी आवाज ठेवून म्हणाला:

“खुलासा. धक्क्याच्या पायऱ्यांची दुरुस्ती पूर्ण झाल्याची बातमी यापूर्वी प्रसिद्ध झाली होती. ती चुकीची होती. खालून तिसरी पायरी त्या दिवशी बसवलेली नव्हती. त्या पायऱ्यांवर जखमी झालेल्या ज्येष्ठ नागरिकाचा तोल वयोमानामुळे गेला, असेही प्रसिद्ध झाले होते. तेही खरे नाही. पायरीच नव्हती.”

बाबांनी डोळे उघडले.

“परत वाच.”

त्याने परत म्हटलं. एखाददुसरा शब्द इकडचा तिकडे झाला.

“कात्री आण,” बाबा म्हणाले. “आणि तो डबा. अगं सूनबाई, इकडे ये, ऐक हे काय आलंय! पोरानं छापून आणलं बघ!”

बायको हात पुसत दारात आली. संपन्नराव जागचा हलला नाही. बाबांनी स्वतःच उशाखालची डबी काढली, चष्मा उलगडून डोळ्यांवर चढवला आणि पेपर त्याच्या हातातून ओढून घेतला. बोट फिरवत फिरवत ते पानाच्या तळापर्यंत गेले. पान उलटलं. पुन्हा मागे आले.

“इथे रंगकामाचं आहे. खाली गाद्यांची जाहिरात.”

“हो.”

“मग तू वाचलंस ते कुठे आहे?”

“छापलेलं नाही, बाबा. छापणारही नाहीत. मीच म्हणालो.” मग त्याने उरलेलं सांगून टाकलं. “पण खरं आहे. पायरी नव्हती. मला आदल्या संध्याकाळी माहीत होतं.”

बायकोने तोंडावर हात धरला. बाबांनी पेपर घडी करून बाजूला ठेवला.

“मला दिसलं होतं रे,” ते म्हणाले. “पाणी ओसरलं तेव्हा खाली भोक दिसलं होतं. चक्क दिसलं. मी थांबलो. काठीने चाचपणारसुद्धा होतो. मग म्हटलं, म्हाताऱ्या, तुझे डोळे गेले. पोरानं लिहिलंय म्हणजे पायरी असणार. आणि टाकला पाय.”

संपन्नरावाला वाटलं होतं, हे बोलून झालं की आपण रडू, निदान मोकळं तरी वाटेल. तसलं काही झालं नाही. फक्त ओल्या मोज्यातले पाय भयंकर गार पडले होते. ‘माफ करा’ म्हणायला त्याने तोंड उघडलं, पण बाबा त्याच्याकडे बघतच नव्हते. ते सुनेला म्हणत होते, “काठी काढ गं माळ्यावरून.”

दुसऱ्या दिवशी पहाटे त्याला काठीच्या आवाजाने जाग आली. बाबा भिंत न धरता, हळूहळू, व्हरांड्यापर्यंत जाऊन परत येत होते. दुखत होतं, ते चेहऱ्यावर दिसत होतं. वळताना प्रत्येक वेळी ते खाली फरशीकडे नीट बघायचे आणि मगच पाऊल टाकायचे. बायको चहा घेऊन उभी होती, आणि तिचे डोळे भरून आले होते.

दारात पेपर येऊन पडला. संपन्नरावाने तो उचलला, घडी मोडली.

“बाबा, वाचून दाखवू?”

“नको,” बाबा म्हणाले. चष्मा डोळ्यांवरच होता. “मला दिसतं.”

पेपर त्यांनी मागितला नाही. काठी टेकत ते व्हरांड्याच्या टोकाला गेले आणि समुद्राच्या दिशेने बघत उभे राहिले. संपन्नरावाने पेपर घडी घालून टीपॉयवर ठेवला आणि तो आंघोळीला गेला. दुपारपर्यंत दिव्यांच्या उद्घाटनाची बातमी धाडायची होती.