जावईबापूंचा बाविसावा सिनेमा

कुलूपवाल्याने एकवीस सिनेमे पाहिले होते, पण बाविसावा लावायला त्याचा हात धजत नव्हता.

गुप्तहेराची ती मालिका चाळीस वर्षं चालली. हेर झालेले नट पाच वेळा बदलले, पण कुलूपवाल्याच्या बायकोने सगळ्यांना एकच नाव ठेवलं होतं, जावईबापू. "कुठेही जातो, फुकट जेवतो, घर मोडून ठेवतो आणि वर सगळे त्याचंच कौतुक करतात. दुसरं काय म्हणायचं?"

ती कपडे शिवायची. रविवारी दुपारी शिलाई मशीन झाकून दोघं सिनेमा लावत. मधे वही, वहीत दोन रकाने. हेराने भलत्याच रीतीने कुलूप उघडलं की गुण नवऱ्याला. कपड्यांत चूक सापडली की तिला. मालिका संपेल तेव्हा जो हरेल, त्याने जन्मभर सकाळचा चहा करायचा.

पंधराव्या सिनेमानंतर ती आजारी पडली आणि गेली. तेव्हा वहीत ती एकसष्ट गुणांवर होती, तो चोपन्नवर.

अर्धवट सोडलेलं काम तिला खपत नसे, म्हणून पुढचे सिनेमे तो एकटाच बघत गेला. कुलपं त्याला दिसत, कपडे दिसत नसत. तिचा रकाना जागचा हलला नाही आणि तो वर चढत गेला. एकविसाव्याला दोघंही एकसष्टवर आले. आता एक कुलूप दिसलं की ती हरणार, तेही ती खेळात नसताना. त्याने वही मशीनच्या खणात टाकली आणि महिनाभर टीव्ही लावला नाही.

एका रविवारी मेहुणी आली. ती बस चालवायची, त्यामुळे घरातही हॉर्नच्या वरच्या पट्टीत बोलायची.

"भावोजी, शेवटचा राहिलाय म्हणे?"

"राहू दे."

"का?"

त्याने सांगून टाकलं.

"एवढंच ना? मग कुलूप आलं की डोळे मिटून घ्या."

"लबाडी तिला चालली नसती."

"मग सरका तिकडे. मी बघते कपडे. मला शिवणातलं ओ की ठो कळत नाही, पण डोळे शाबूत आहेत."

त्याने खणातून वही काढली आणि सिनेमा सुरू झाला. दहाव्या मिनिटाला जावईबापूंनी केसातल्या पिनेने बँकेची तिजोरी उघडली.

"हे कुठलं? पिनेने माझा डबासुद्धा उघडत नाही!" मेहुणी म्हणाली.

कुलूपवाल्याने आपल्या रकान्यात बासष्ट लिहिले.

मग हेर छपरावरून पडला आणि उठून धावला. मेहुणी ओरडली, "अहो, आत्ता खांदा फाटला होता ना? कोट शिवला कुणी? पळता पळता?"

बायकोचेही बासष्ट झाले. मेहुणीने टाळी मागितली आणि त्याने ती दिली.

त्यानंतर तासभर काहीच सापडेना. ना कुलूप, ना कपडा. शेवटी जावईबापू बंदरावर उभे राहून समुद्राकडे बघू लागले. कुलूपवाला एकदम पुढे झुकला.

"थांबव. मागे घे."

"काय झालं? कोट तर धड आहे."

"काजं उजव्या बाजूला आहेत. पुरुषाच्या कोटाची काजं डावीकडे असतात. मघाशी डावीकडेच होती. सिनेमावाल्यांनी चित्रच आरशासारखं उलटं लावलंय!"

"तुम्हाला हो कसं कळलं?"

"तीस वर्षं तिच्यासमोर कोट घालून पुतळ्यासारखा उभा राहिलोय. हललो की टाचणी टोचायची. कळणार नाही तर काय!"

त्याने पहिल्यांदाच स्वतः पकडलेल्या चुकीचा गुण तिच्या रकान्यात लिहिला. त्रेसष्ट. मग सिनेमा संपून शेवटचं नाव वर सरकेपर्यंत दोघं पडद्याला डोळे लावून बसली. न जाणो, एखादं कुलूप यायचं. आलं नाही.

"हरलात भावोजी," मेहुणी म्हणाली. "जन्मभर सकाळचा चहा तुमच्याकडे."

"हरलो," असं म्हणताना त्याला हसू आवरेना.

"मग उठा. सकाळ नसली म्हणून काय झालं? मला साखर कमी."

तो उठला. बायको गेल्यापासून पहिल्यांदा त्याने दोघांच्या चहाचं मोठं पातेलं फळीवरून खाली काढलं.